मुळासकट तीस केस

बोरिवली (पूर्व)
११ मार्च २०२४

चि. संघमित्रास,
सप्रेम जय भीम.

मामाचं पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फक्त कानांची पार वाट लागलीय. एकोणतीस वर्षं बसच्या खडखडाटात घंटी मारत काढली, त्याचं हे बक्षीस. फोनवर तू काय बोलतेस ते मला कळत नाही, मी काय बोलतो ते तू पुरतं ऐकून घेत नाहीस, आणि मोबाइलवर टाइप करायला गेलो की 'घोडी'चं भलतंच काहीतरी होतं. म्हणून कागद घेतला. अक्षर तरी अजून चांगलं आहे माझं.

काम असं आहे. रिटायर झाल्यावर मी या रायडिंग स्कूलच्या तबेल्यात लागलो तेव्हा तू पोट धरून हसली होतीस, आठवतंय? इथल्या जाईला जानेवारीच्या अठ्ठावीसला शिंगरू झालं. मालकांनी, म्हणजे श्यामसुंदर साहेबांनी, घोडीचं नाव जास्मिन ठेवलंय, पण मी जाईच म्हणतो आणि ती मलाच ओ देते. शिंगरू नर आहे. तासाभरात उभा राहिला आणि जो सुटला तो एकाही खांबापाशी थांबेना. म्हणून मी त्याचं नाव लिमिटेड ठेवलं, मोजकेच स्टॉप घेणाऱ्या आमच्या लिमिटेड बसवरून. साहेबांची मुलगी गार्गी पण आता तेच म्हणते.

आठवडा झाला, त्याचं नाक गळतंय, खोकला आहे, अंग तापतंय. आमच्या डॉक्टर क्षमा मॅडमनी रक्त तपासलं तर एका जातीच्या पांढऱ्या पेशी जवळपास नाहीतच. म्हणाल्या, अरबी रक्ताच्या घोड्यांत एक आजार वंशातून येतो. तो असेल तर शिंगरू पाच महिन्यांच्या पुढे जात नाही, त्याला औषध नाही, मग उगाच सुया टोचून छळायचं नाही, शांतपणे जाऊ द्यायचं. नसेल तर हा निमोनिया आहे आणि इंजेक्शनांनी बरा होईल. कुठलं ते केसांच्या तपासणीवरून कळतं म्हणे. मी म्हटलं, आमची पोरगी मरोळच्या लॅबमध्ये दिवसभर जनावरांचे केसच तपासते.

करशील ना गं? मला त्याचा लळा लागलाय, खोटं कशाला बोलू.

तुझा
कुंडलिक मामा


भांडुप
१६ मार्च २०२४

मामा, सप्रेम जय भीम.

पत्र वाचून पहिल्यांदा हसले आणि मग हसू गेलं. तपासणी करते. आमच्याकडे नंबर लावला तर महिना जाईल, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत मधेच घुसवते. रुचिरा मॅडम माझ्या वरिष्ठ आहेत, त्यांना नंतर सांगेन.

आजार काय आहे ते ऐक. शरीरात शिरणारा प्रत्येक जंतू वेगळा असतो. त्याला पकडायला पांढऱ्या पेशींच्या अंगावर हुक असतात, आम्ही त्यांना रिसेप्टर म्हणतो. हुक लाखो तऱ्हेचे लागतात. तेवढ्यांचे नकाशे जनुकांत मावत नाहीत, मग शरीर तुझ्या तिकिटांच्या पेटीसारखं काम करतं. पेटीत रंग मोजकेच, पण या गठ्ठ्यातलं एक, त्या गठ्ठ्यातलं एक फाडून एकत्र दिलं की कुठल्याही स्टॉपचं भाडं जमतं. तशी प्रत्येक पेशी जनुकाचे तुकडे कापते, जोडते आणि आपला हुक बनवते. या आजारात कापायचं काम होतं, पण जोडणं बिघडलेलं असतं. तिकिटं सगळी फाडलेली आणि प्रवाशाच्या हातात काहीच नाही. असल्या पेशी जन्मतानाच मरतात.

तरी सुरुवातीला शिंगरू नाचतं, कारण आईच्या चिकातून त्याला तिची प्रतिकारशक्ती मिळालेली असते. महिना-दोन महिने ते आईच्या पासावर फिरतं. पास संपत आला की आजार दिसायला लागतो.

आता नीट वाच. दोन पाकिटं हवीत, एक जाईचं, एक लिमिटेडचं. प्रत्येकात आयाळीचे तीस केस. कात्री लावायची नाही, उपटायचे. मुळाशी पांढरा ठिपका दिसला पाहिजे, तपासणी त्या ठिपक्याची असते. मुळासकट तीस. ठिपका नसलेला केस माझ्या काही कामाचा नाही.

संघमित्रा


बोरिवली
२० मार्च २०२४

चि. संघमित्रास,
सप्रेम जय भीम.

दोन पाकिटं पाठवतोय. नावं ठळक घातलीत. मुळासकट आहेत, भिंग लावून बघितले. लिमिटेड शहाणा आहे, हूं की चूं केलं नाही. जाईनेच जरा शेपूट आपटली.

तिकिटाच्या पेटीचं मला झकास समजलं. मॅडमना पण सांगितलं, त्या म्हणाल्या कॉलेजात असं कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी आई आणि लेकरू, जीव दोघांचा एकच. बघ, चांगलंच येईल.

तुझा
मामा


भांडुप
२८ मार्च २०२४

मामा,

वाचला तुझा लिमिटेड. रिपोर्ट सोबत जोडलाय, मॅडमना दे.

दोन्ही पाकिटांवर एकच उत्तर आलं, वाहक. घाबरू नकोस, याचा अर्थ सांगते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. लेकरू म्हणजे आईची झेरॉक्स नव्हे, अर्धं तिचं आणि अर्धं त्याचं. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच हा आजार होतो. एकच बिघडलेली असेल तर जनावर ठणठणीत राहतं, फक्त बिघाड पुढच्या पिढीला देऊ शकतं. त्याला वाहक म्हणतात. तू एवढी वर्षं वाहक होतास, तुला काय झालं? लिमिटेडकडे एक चांगली प्रत आहे. म्हणजे हा निमोनिया आहे, मॅडमना म्हणावं जोर लावून उपचार करा.

एक मात्र साहेबांना बजावून सांग. जाई वाहक आहे. तपासल्याशिवाय तिला कुठल्याही घोड्याकडे न्यायचं नाही.

आज डब्यातली भाजी सुद्धा गोड लागली.

संघमित्रा


बोरिवली
८ एप्रिल २०२४

चि. संघमित्रास,
सप्रेम जय भीम.

तुझा रिपोर्ट साहेबांनी नुसता फ्रेम करायचाच बाकी ठेवलाय. गार्गी लिमिटेडच्या गळ्यात पडून रडली. मॅडमनी मोठी इंजेक्शनं सुरू केली, सकाळ-संध्याकाळ.

तू सांगितलंस ते मी साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, एक शिंगरू चांगलं निघालं म्हणजे आमचा कर्नल स्वच्छ आहे, वेगळं तपासायचं कशाला. कर्नल म्हणजे लिमिटेडचा बाप. मागच्या आठवड्यात जाईला पुन्हा त्याच्याकडेच नेली. मी मधे उभा राहिलो, पण माझं कोण ऐकतं.

एक विचारायचं होतं. तुमच्याकडे पाकिटांची कधी अदलाबदल होते का गं? म्हणजे एकाचे केस दुसऱ्याच्या नावावर, असं? आणि झाली तर तुम्हाला कळतं का? असंच विचारतोय. लिमिटेडचा ताप अजून उतरलेला नाही.

मामा


भांडुप
१३ एप्रिल २०२४

मामा,

अदलाबदल? माझ्या हातून? नऊ वर्षं काम करतेय मी, माझ्या टेबलावर असली भानगड होत नाही. तुझी पाकिटं मी स्वतः उघडली, स्वतः नंबर घातले. तुझ्या तोंडून हे ऐकून वाईट वाटलं, खरं सांगते.

तू काळजीने असं बोलतोयस हे कळतं मला. निमोनिया हट्टी असतो. महिना-दीड महिना लागेल. इंजेक्शनं बंद करू देऊ नकोस, रिपोर्ट दाखव आणि भांड. जगण्यासारखं लेकरू आहे ते.

साहेबांनी जे केलं ते चूक केलं. कर्नलचे केस मिळाले तर पाठव.

संघमित्रा


बोरिवली
१८ मे २०२४

चि. संघमित्रास,
सप्रेम जय भीम.

एवढे दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं काही. लिमिटेडच्या फासळ्या मोजता येतात. श्वास घेतला की पोट आत ओढलं जातं. मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा सुयांनी टणक झाल्यात, आता पायात शोधतात. मॅडमच्या चपलेचा आवाज आला की तो जाईच्या पोटाखाली घुसतो, आणि मग आम्ही दोघं त्याला बाहेर ओढतो. हे रोज दोनदा. पळायचं सोडच, तो आता प्रत्येक खांबापाशी थांबतो.

मॅडम म्हणतात, रिपोर्ट नसता तर मी एप्रिलमध्येच थांबले असते. पण रिपोर्टवर जगेल असं आहे, मग मी कशी थांबू? त्या पण रडकुंडीला आल्यात. साहेब म्हणतात चालू ठेवा. सगळे तुझ्या त्या कागदाकडे बघतात आणि कागद म्हणतो वाचेल.

पोरी, मला काही सुचत नाही. जेवण जात नाही. हे थांबवू का? तू सांग.

मामा


भांडुप
२६ मे २०२४

मामा,

तुझं पत्र हातात घेऊन मी लॅबमध्ये बसले होते. निमोनिया असता तर एवढ्या औषधांनी काहीतरी हललं असतं. म्हणून उरलेले केस काढून पुन्हा तपासले. आजाराचं उत्तर तेच आलं, वाहक. मग एक साधी तपासणी केली, जी आधी करायला हवी होती. केस नराचा की मादीचा.

लिमिटेडच्या पाकिटातले केस मादीचे आहेत.

माझ्याकडे अदलाबदल झाली असती तर नराचे केस जाईच्या पाकिटात सापडले असते. तिथेही मादीच आहे. नराचा केस माझ्याकडे कधी आलाच नाही. मामा, काय केलंस तू?

मी सगळा राग तुझ्या एकट्यावर काढत नाहीये. आमच्याकडे नियम आहे, आई-लेकराचे नमुने एकत्र आले की ते खरंच आई-लेकरू आहेत का ते आधी बघायचं. मी घाईत तो सोडला. कारण पाकिटावर अक्षर तुझं होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर सोडला नसता.

खरे केस लगेच पाठव. टपालाने नको, कुणाच्या तरी हाती दे.

संघमित्रा


बोरिवली
२६ मे २०२४

संघमित्रा,
जय भीम.

तुझ्या उत्तराची वाट बघत नाही. तुला सांगितल्याशिवाय आता घास उतरणार नाही. हे पत्र आणि पाकीट इथली बाग सांभाळणाऱ्या अंबादासच्या हाती पाठवतोय, तो मरोळला तुझ्या लॅबमध्ये आणून देईल.

त्या दिवशी जाईचे तीस केस काढले आणि लिमिटेडकडे वळलो. त्याची आयाळ म्हणजे नुसतं जावळ. एक केस ओढला तर तो थरथरला आणि माझ्याच काखेत तोंड खुपसलं. पुढे माझा हात चालेना.

तुला आकाशचं कुणी सांगितलं नसेल, तुझ्या जन्माआधीची गोष्ट आहे. आमचं पहिलं आणि शेवटचं. पाच महिन्यांचा होता. सारखा खोकला, सारखा ताप. हाताला शीर सापडेना म्हणून नर्सने त्याच्या डोक्यावरचं जावळ काढलं आणि तिथे सुई लावली. त्याला धरायचं काम माझ्याकडे होतं. मी दोन्ही हातांनी त्याचं डोकं दाबून धरलं. तो माझ्याकडे बघत होता गं, की हा आपलाच माणूस आणि हा असं का करतोय. तिसऱ्या दिवशी गेला.

म्हणून मी जाईचेच आणखी तीस केस काढले आणि लिमिटेडच्या पाकिटात भरले. माझी समजूत अशी की आई-लेकराचं रक्त एकच, कुणाचेही तपासले तरी तेच निघणार. तुला फसवायचं नव्हतं, अडाणीपणा होता. पण तुझं झेरॉक्सवालं पत्र आलं तेव्हा मला कळलं. त्याच दिवशी लिहायला हवं होतं. तू 'वाचला' असं लिहिलं होतंस. मला ते खोडवेना. अदलाबदलीचं विचारून बघितलं, तू चिडलीस, मी गप्प बसलो. आणि मी गप्प बसलो म्हणून त्याला सात आठवडे रोज दोनदा टोचलं.

आज त्याचेच काढलेत. मुळासकट तीस. यावेळी त्याने खरंच हूं की चूं केलं नाही. मान पण हलवली नाही. तेवढी ताकद नाही त्याच्यात.

अजून एक विचारायचं आहे, ते तूच सांगू शकतेस. मी एकोणतीस वर्षं वाहकाचा बिल्ला लावून फिरलो. मी आतूनही तसाच होतो का? तुझी मामी आणि मी, दोघं? आकाशला ते आम्हीच दिलं का?

कुंडलिक


भांडुप
२९ मे २०२४

मामा,

आपली दोन्ही पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं मी लॅबच्या पायऱ्यांवर बसून वाचलं. अंबादास काकांनी पाणी आणून दिलं, ते पिऊन मी पाकीट आत नेलं.

यावेळी सगळं नियमाने केलं. केस नराचे आहेत. तो जाईचाच आहे. आणि कर्नलही वाहकच असणार, कारण लिमिटेडच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. एक तिची, एक त्याची. क्षमा मॅडमना मी हे कळवलंय. आता थांबवा. आजच थांबवा.

रुचिरा मॅडमना मी सगळं सांगितलं. मार्चचा रिपोर्ट आम्ही लेखी रद्द केलाय. माझ्या हातून काही महिने तपासणीचं काम काढून घेतलंय. ते बरोबरच आहे, तू त्यावरून जीव जाळू नकोस.

आकाशचं. मामा, मला माहीत नाही. माणसांतही असे आजार असतात, आणि त्या काळी साध्या निमोनियानेही पुष्कळ बाळं जायची. तपासायला आकाशचं काहीच उरलेलं नाही. 'नाही, तुम्ही नाही दिलं' असं मी लिहू शकते आणि तुला आज जेवण जाईल. पण एकदा मी न तपासता तुला आनंदाचं लिहिलं. आता पुन्हा नाही लिहिणार. एवढं मात्र तपासल्याशिवायही सांगते, तू त्याचं डोकं धरलंस ते त्याला वाचवायला धरलंस.

तुझी
संघमित्रा


बोरिवली
४ जून २०२४

चि. संघमित्रास,
सप्रेम जय भीम.

तीस तारखेला सकाळी लिमिटेडला बाहेर उन्हात घेतलं. गार्गी शिकवणीला गेली होती. जाईला शेजारी उभी केली. मॅडमनी एकच सुई लावली, शेवटची. डोकं यावेळीही मीच धरलं, पण दाबून नाही धरलं. नुसतं मांडीवर घेतलं. जाई बराच वेळ त्याचं अंग चाटत होती, आम्ही कुणी तिला हलवलं नाही.

साहेबांना मी तोंडाने सगळं सांगितलं. ते ओरडतील वाटलं होतं, पण ते खुर्चीत बसूनच राहिले. जाई गाभण आहे, कर्नलपासूनच. यालाही तोच आजार असण्याची शक्यता चारात एक, असं मॅडम म्हणाल्या. साहेब म्हणाले, "कुंडलिक, हे तुम्ही केलंय. तिचं होईपर्यंत तुम्हीच बघा." काढून टाकलं असतं तर सोपं गेलं असतं मला.

आता मी रोज जाईला खरारा करतो आणि तिच्या पोटाकडे बघत नाही.

तुझं उत्तर खिशात ठेवलंय. 'नाही' असं लिहिलं नाहीस, ते बरं केलंस.

मामा


बोरिवली
६ मार्च २०२५

चि. संघमित्रास,
सप्रेम जय भीम.

तुझं काम तुला परत मिळालं हे अंबादासकडून कळलं. म्हणून लिहितोय.

काल सकाळी जाईला शिंगरू झालं. पोरगी आहे. तासाभरात उभी राहिली, चीक पोटभर प्यायली. पळते पण. पण पहिला महिनाभर सगळेच पळतात, हे आता मला ठाऊक आहे. गार्गी नाव विचारत होती, मी म्हटलं थांब जरा.

सोबत तीन पाकिटं आहेत. जाईचं, कर्नलचं (साहेबांनी स्वतः काढून दिले) आणि पोरीचं. पोरीचे केस मीच काढले, मुळासकट तीस. आधी जाईच्या पुढ्यात उभा राहून तिला दाखवले माझे हात. पोरगी ओरडली आणि मला दोन लाथा घातल्या. मांडी निळी झालीय. मला ते बरं वाटलं.

एक लक्षात ठेव. ही मादी आहे, तेव्हा तुझ्या नर-मादीच्या तपासणीत आई-लेकीत फरक कळणार नाही. ती आई-बापाची दुसरी तपासणी आधी कर. केस तिचेच आहेत की नाही ते बघ आणि मगच पुढचं बघ. घाई करू नकोस, नंबर लावून कर. अक्षर मामाचं आहे म्हणून सोडू नकोस.

जे येईल ते लिहून कळव. फोन करू नकोस, मला ऐकू येणार नाही.

तुझा
कुंडलिक मामा